मेणकागदावरची सात भोकं

ते साल एकोणीसशे चौसष्ट. मला नक्की आठवतं, कारण त्याच वर्षी मी एकाच पाठीवर दोनदा परीक्षा दिली आणि त्याच वर्षी आमच्या घराच्या जिन्याला कठडा लागला. कठड्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. पण आठवायला बसलं की तोच आधी हाताला लागतो, गार, नव्या रंगाच्या वासाचा, आणि त्याला धरूनच मी त्या वर्षात खाली उतरते.

मी बावीस वर्षांची होते. एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला फिजिओथेरपीचा वर्ग चाले, तिथे शिकत होते. वर्ग म्हणजे एकच लांबट खोली. खिडक्यांना दुधी काचा, मधोमध उंच टेबल, त्यावर रेक्झिनची गादी आणि कोपऱ्यात हाडांचा सापळा. भिंतीपलीकडे इस्पितळाची लाँड्री होती. तिच्या वाफेने आमची भिंत हिवाळ्यातही कोमट असायची. दुपारी पलीकडे यंत्रं घरघरू लागली की भिंत, टेबल, सापळा, सगळेच डोळे मिटून हळूहळू श्वास घेताहेत असं वाटायचं. दुधी काचेतून येणाऱ्या उजेडाला सावली नसे. त्या खोलीत किती वाजले ते कधी कळत नसे.

आम्ही नऊ मुली होतो. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, उंच, आणि इतक्या ताठ की बसल्या तरी उभ्याच आहेत असं वाटे. माझी मैत्रीण चिमणी, दिवसभर चिवचिवायची म्हणून चिमणी, ती म्हणायची, "बाईंनी लहानपणी फूटपट्टी गिळलीय. ती अजून उतरली नाही."

बाई आम्हाला कंबर शिकवत. म्हणजे कमरेतली हाडं हाताने ओळखायला शिकवत.

"पाठ म्हणजे डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेलं माणूस," त्या म्हणत. "पांघरूण न काढता डोकं कुठे आणि पाय कुठे ते सांगायचं. डोळे काही कामाचे नाहीत. मिटा."

आम्ही मिटत असू. मूल कडेवर घेतो ती कमरेच्या हाडाची कड दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरायची. मग दोन्ही अंगठे पाठीच्या मधोमध आणायचे. ते जिथे भेटतात तिथे कमरेचा चौथा मणका. त्याच्याखाली बोट घसरवलं की एक खाच, आणि खाचेपलीकडे पाचवा, शेवटचा. त्याच्याखाली सुरू होतं तिकोनी हाड, पाच मणके एकजीव होऊन बनलेलं, जागचं न हलणारं. त्याच्या दोन बाजूंना दोन खळ्या. आणि पार तळाला, माणूस जिथे संपतो तिथे, माकडहाड. दोन कडा, दोन मणके, दोन खळ्या आणि एक शेवट, अशा सात खुणा.

या सात खुणा शोधायच्या त्या इस्त्रीवाल्या काकांच्या पाठीवर. काका लाँड्रीत इस्त्री करत. दर मंगळवारी दुपारी तीनला ते भिंतीपलीकडून आमच्याकडे येत, अंगातला सदरा काढून चौकोनी घडी घालत, पोटाखाली उशी घेऊन टेबलावर पालथे पडत. त्यांची पाठ रुंद, कोरडी आणि उबदार होती. तिला नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीचा वास यायचा. साठी उलटली होती त्यांची. वीसएक वर्षं ती पाठ वर्गाच्या सेवेत होती. बाई स्वतः याच पाठीवर शिकल्या होत्या, त्यांच्या बाईंच्या हाताखाली.

"सतरा बॅचा गेल्या माझ्या पाठीवरून," काका गालाखाली हात घेऊन म्हणत. "तुमची अठरावी. मी आपला पालथा घडा. माझ्यावर कितीही शिकवा, मला काही येत नाही."

"काका, बोलू नका. मणके हलतात," बाई म्हणायच्या.

कारण बाईंची एक रीत होती. खूण करायची ती कातडीवर लिहायच्या जांभळ्या पेन्सिलीने, आणि त्या वेळी पाठ हलता कामा नये. म्हणून बाई म्हणायच्या, "श्वास धरा." काका श्वास धरायचे, आम्ही भराभर चाचपून ठिपके काढायचो, बाई म्हणायच्या, "सोडा." काकांना याचा मोठा अभिमान होता. "पन्नास अंक मोजेपर्यंत धरतो मी," ते सांगत. "पूर्वी ऐंशी धरायचो."

ठिपके काढून झाले की बाई कपाटातून एक मेणकागद आणत. तो बाईंच्या बाईंनी याच पाठीवर ठेवून बनवला होता. पिवळा पडलेला, कडांना चिकटपट्टी लावलेला, त्यात वाटाण्याएवढी सात भोकं. तो पाठीवर पसरला की प्रत्येक ठिपका आपापल्या भोकातून दिसला पाहिजे. दिसला की बरोबर, दडला की चूक. वादाला जागाच नाही.

मला ही पद्धत जमायला हवी होती, इतरांपेक्षा आधी. कारण माझी बोटं वर्गात येण्याआधीच शिकलेली होती.

आई ताडपत्री शिवायची. ट्रकवर घालतात ती जाड, मेणचट ताडपत्री. कारखान्यात तासनतास तिच्यावर ओणवं होऊन दाभण मारायचा. पहाटेची पाळी संपवून ती दुपारी घरी यायची, दारातच चपला सोडायची आणि जमिनीवर पालथी व्हायची. "ठकू, हात ठेव," एवढंच म्हणायची. मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून तिची कंबर चेपत आले. तिला दोन मिनिटांत झोप लागे, पण मी हात उचलला की जाग येई. मग मी हात तसेच ठेवून बसायची. करायला दुसरं काही नसे, म्हणून बोटांनी तिच्या कमरेवर वरखाली चालायची. बाहेर दुपार थांबून राहिलेली असे. तिचा श्वास आत गेला की मणके एकमेकांपासून किंचित दूर होत, बाहेर आला की जवळ येत, जशा धक्क्याला बांधलेल्या होड्या लाटेवर होतात. शेवटच्या होडीखाली मात्र धक्का असे, दगडी, स्थिर. माझा हात तिथे पोचला की मी माघारी वळायची. अशी मी किती वर्षं चालले कोण जाणे. कधीकधी मीही बसल्याबसल्या झोपून जाई, आणि झोपेतही बोटं मोजत असत.

तर त्या हिवाळ्यातल्या एका मंगळवारी बाईंना ऑफिसातून बोलावणं आलं. माझे दोन्ही हात काकांच्या पाठीवर होते. बाई गेल्या, मुली कुजबुजू लागल्या, आणि काकांना झोप लागली. गाल उशीला टेकला की झोपणारा माणूस तो, पहाटेपासून उभा असायचा. मी सवयीने हात उचलला नाही. भिंतीपलीकडे यंत्रं घरघरत होती. काकांचा श्वास लांब होत गेला. मी चौथ्यावरून खाली पाचव्यावर आले, पाचव्याखालून धक्क्यावर उतरले, आणि धक्का हलला.

मी डोळे उघडले. मग पुन्हा मिटले. जिथे तिकोनी हाड सुरू व्हायचं, त्या जागी एक होडी होती. श्वासाबरोबर ती वरच्या होडीपासून सुटत होती आणि परत येऊन टेकत होती. खरा धक्का तिच्याखाली होता, बोटभर खाली. मी वरून, शेवटच्या बरगडीपासून मोजून पाहिलं. कमरेचे मणके पाच असतात. काकांना सहा होते.

बाई परत आल्यावर मी सांगितलं.

"श्वास धरायला लावलास का?" बाई म्हणाल्या.

"नाही बाई. ते झोपले होते."

"झोपलेल्या माणसाचं सगळंच हलतं. मिशासुद्धा हलतात. म्हणून त्यांना मणका म्हणशील?"

मुली हसल्या. काकाही जागे होऊन हसले, कशाला ते न कळता.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मी भोळी होते. हाताला लागलं ते मांडायचं असतं, एवढंच मला कळे. काकांनी श्वास धरला, मी आठ ठिपके काढले. बाईंनी मेणकागद पसरला. सात ठिपके सात भोकांतून दिसले, आणि आठवा, पाचव्याच्या खालचा, कागदाखालून जांभळा डाग पडल्यासारखा पुसट दिसत राहिला.

"हा पाहुणा कोण?" बाईंनी विचारलं.

"सहावा मणका, बाई."

"पुस्तकात आहे?"

"नाही."

"सापळ्यात आहे?"

"नाही. पण काकांच्यात आहे."

"आज एक मणका जास्त सांगतेस, उद्या कुणाला दुसरी मान सांगशील," बाई म्हणाल्या आणि मला नापास केलं. त्यात राग नव्हता. जास्तीची खूण म्हणजे नापास, असा लेखी नियमच होता.

दुसरी संधी जूनमध्ये होती. ती शेवटची. त्यातही नापास झालं की वर्गातून नाव कमी व्हायचं. आणि माझं नाव कमी झालं असतं तर आईला ताडपत्री सोडता आली नसती. ठरलंच होतं तसं. मला नोकरी लागली की तिने कारखान्याला रामराम ठोकायचा. तिची कंबर आता वाकली की लवकर सरळ होत नव्हती. जिन्याचा तो नवा कठडा धरून ती वर यायची आणि मध्ये दोनदा थांबायची. मी आतून तिची पावलं मोजत असे.

तिला मी सगळं सांगितलं. ती जमिनीवर पालथी पडलेली, माझे हात तिच्या कमरेवर.

"त्यांच्या कागदात भोकं किती?" तिने विचारलं.

"सात."

"मग सात काढ. पास हो. नंतर जगाच्या पाठी मोजत बस, कोण अडवतंय तुला?"

"पण आई, तिथे आठवा आहे गं."

"असू दे की. तो काय कुठे पळून जातोय?" असं म्हणून ती झोपली.

चिमणीचंही तेच म्हणणं. ती पहिल्याच फेरीत पास झाली होती. "अगं, मला तर पाचवासुद्धा लागला नाही नीट. कागद आठवला आणि दिला ठिपका ठोकून. तू कशाला शहाणपणाचा ठेका घेतलास?"

मी ठरवलं, सात. दोन महिने मी सातच घोटले. रात्री डोळे मिटले की ती पाठ दिसायची, एखाद्या मोठ्या, ओसाड वाळूच्या पट्ट्यासारखी, आणि मी तिच्यावरून अनवाणी चालत असायची. पाचव्याशी आले की उडी मारून पुढे जायची. खाली काय आहे ते बघायचं नाही, असं स्वतःला सांगत.

जूनमध्ये बाहेरून परीक्षक आले. म्हातारे डॉक्टर, ऐकायला कमी येणारे, सतत चष्मा पुसणारे. खोलीत आम्ही चौघंच. मी, बाई, डॉक्टर आणि काका. काकांनी सदऱ्याची घडी घातली. त्या दिवशी त्यांच्या लाँड्रीत एक माणूस कमी होता, त्यामुळे ते सकाळपासून दोघांचं काम करून आले होते.

"पोरी, आज पास होऊन टाक बाई एकदाची," पालथं पडतापडता ते माझ्या कानाशी म्हणाले. "माझ्या पाठीवर कुणी नापास झालं की मला घास जात नाही."

"श्वास धरा," बाई म्हणाल्या.

मी डोळे मिटले. दोन कडा. अंगठे भेटले. चौथा. खाच. पाचवा. ठिपके पडत गेले. खळ्या मी आधीच करून घेतल्या, मग माकडहाड. झाले सात. आता पेन्सिल खाली ठेवायची, बस्स. उजव्या हातातली पेन्सिल मी ठेवलीही. डावा हात मात्र अजून पाठीवर होता, त्याच जागी, जिच्यावरून मी दोन महिने उडी मारत होते.

आणि काकांचा श्वास सुटला. तीस अंकांपर्यंतही पोचले नसतील ते. दमले होते. मोठा, लांब उसासा बाहेर आला, आणि त्याच उसाशात त्यांना झोप लागली. माझ्या बोटाखाली कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसं काहीतरी सरकलं, आणि परत आपल्या जागी आलं.

खोट्याची मला फार चीड होती असं नाही. आईसाठी मी सात म्हणायला तयार होते. पण त्या मणक्याने असं बोटाला ढकलल्यावर त्याला नाही म्हणणं मला जमेना. मी पेन्सिल उचलली आणि आठवा ठिपका काढला.

"झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

बाईंनी मेणकागद पसरला. आठव्याचा जांभळा डाग कागदाखाली दिसला.

"तोच पाहुणा," त्या हळूच म्हणाल्या. "तुला कळतंय ना, तू काय केलंस?"

"हो बाई. एकदा तुम्ही हात लावून बघा."

"मी ही पाठ वीस वर्षं बघतेय."

"बघताय, बाई. हात लावून बघा. कागद काढून. आणि त्यांना उठवू नका."

कुणी असं बोललं नव्हतं त्यांच्याशी. मीही का बोलले ते मला आज सांगता येणार नाही. डॉक्टरांना ऐकू गेलं नसावं, ते चष्मा पुसत होते.

बाईंनी कागद उचलला. घड्याळ काढून ठेवलं. तळवे एकमेकांवर घासून ऊब आणली, आम्हाला शिकवायच्या तशी, आणि हात पाठीवर ठेवले. डोळे मिटले. मग त्या खोलीत खूप काळ काहीच झालं नाही. पलीकडे यंत्रं घरघरत होती, दुधी काचेतून तो बिनसावलीचा उजेड येत होता, काका श्वास घेत होते आणि बाईंचे हात त्यांच्याबरोबर वरखाली होत होते. मला वाटलं आपण सगळेच झोपलोय, आणि हे कुणातरी एकाच्या स्वप्नात चाललंय. तेवढ्यात काकांनी झोपेत लहान मुलासारखा एक गुडघा पोटाशी ओढला. मणक्यांमधली खाच उघडली असणार, कारण बाईंचं बोट तिच्यात गेलेलं मी पाहिलं.

बाईंनी डोळे उघडले नाहीत.

"श्वास धरायला लावत होतो आपण," त्या म्हणाल्या, बहुतेक स्वतःशीच. "बाईंनीही लावला, मीही लावला. धरल्यावर हलणार कसं ते?"

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी मेणकागद टेबलाच्या कडेला ठेवला, जांभळी पेन्सिल घेतली आणि तिच्या टोकाने पाचव्या मणक्याच्या भोकाखाली आठवं भोक पाडलं. कागद जुना होता, टरकन आवाज झाला. काका जागे झाले.

"मी नापास?" त्यांनी दचकून विचारलं.

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "कागद नापास."

डॉक्टरांना जोराने सगळं समजावून सांगावं लागलं. त्यांनीही हात लावून बघितलं, दोनदा. मग ते खुर्चीत बसले. "असतो हो एखाद्याला," ते म्हणाले. "मी आयुष्यात दोन पाहिले, एक्स-रेच्या फोटोत. पण आता पंचाईत अशी की कागदच चुकीचा, तर मी हिला मार्क कशावर देऊ? ज्याची पाठ आपल्याला नक्की माहीत आहे असं माणूस आणा. तिथे हिने सात खुणा काढल्या तर पास, नाहीतर नापास. माझी गाडी पाच वाजता आहे."

पाठ नक्की माहीत असलेलं माणूस कुठून आणायचं? काका सदऱ्याची बटणं लावत म्हणाले, "आमच्यातल्या कुणाला बोलावू का?" पण लाँड्रीतल्या कुणाच्या पाठीचा फोटो कशाला काढलेला असेल?

बाई कपाटापाशी गेल्या. सगळ्यात वरच्या कप्प्यातून, फायलींच्या मागून, त्यांनी एक तपकिरी पाकीट काढलं आणि डॉक्टरांना दिलं. "हा फोटो आहे. मी सोळा वर्षांची असतानाचा. तुम्ही बाहेर थांबा, मी पडदा ओढते. काका, तुम्हीही."

मग त्या टेबलावर चढल्या. पाठीची बटणं मला काढायला सांगितली आणि पोटाखाली उशी घेऊन पालथ्या झाल्या.

मी बघितलं, आणि मग बघायचं नाही हे आठवून डोळे मिटले. बाईंची पाठ सरळ नव्हती. मणक्यांची ओळ डावीकडे झुकत जात होती आणि कमरेशी परत येत होती, नदीने एखादा खडक टाळून वळावं तशी. एवढी वर्षं त्या ताठ बसत होत्या ते का, हे माझ्या हाताला कळलं. चिमणीची फूटपट्टी आठवून मला लाज वाटली.

"श्वास धरू?" उशीत तोंड खुपसून बाईंनी विचारलं.

"नको बाई. तुम्ही आपल्या पडून राहा."

दोन्ही कडा सारख्या उंचीवर नव्हत्या. अंगठे भेटले ते मधोमध नाही, जरा बाजूला. कागद आठवून ठिपका ठोकणाऱ्याचं इथे काही चाललं नसतं. मी थांबले. बाईंचा श्वास आधी छातीतच अडकत होता. मग तो हळूहळू खाली उतरला, कमरेपर्यंत आला, आणि होड्या हलू लागल्या. चौथा. पाचवा, वाकडा, पण आपल्या जागी. त्याच्याखाली धक्का. मी त्याच्यावर बोट ठेवून पुष्कळ वेळ वाट पाहिली. तो हलला नाही. दोन खळ्या, एक वर, एक जरा खाली. शेवट. सात.

मी पेन्सिल ठेवली तरी बाई उठल्या नाहीत. त्यांना झोप लागली होती. मी हात उचलला नाही. पडद्यापलीकडून डॉक्टर दोनदा खाकरले, काका त्यांना दबक्या आवाजात म्हणाले, "थांबा हो साहेब. गाडी काय, रोजच असते."

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या काचेला लावून धरला, ठिपक्यांशी ताडून पाहिला आणि कागदावर सही केली. त्यांची पाचची गाडी चुकली.

आता त्यातली मीच उरले आहे.

आईने त्याच वर्षी, मला इस्पितळात नोकरी लागल्यावर दुसऱ्या महिन्यात, ताडपत्री सोडली. पुढे सव्वीस वर्षं जगली. कंबर पूर्ण सरळ कधी झाली नाही, पण जिन्यात ती थांबायची एकदाच, आणि तेसुद्धा शेजारणीशी बोलायला. मी किती पाठी मोजल्या म्हणून दर महिन्याला विचारायची आणि आकडा ऐकला की म्हणायची, "बघ, म्हटलं होतं ना, नंतर मोजता येतील."

चिमणीने दोन वर्षं काम केलं, मग एका जहाजावरच्या माणसाशी लग्न करून दूर गेली. तिची पत्रं लांबलचक यायची, चिवचिवाटासकट. शेवटच्या पत्रात तिने लिहिलं होतं की नातवाची पाठ चोळताना तिला अखेर पाचवा लागला.

म्हातारे डॉक्टर पुढच्या वर्षी परीक्षेला आले नाहीत. झोपेत गेले म्हणून ऐकलं.

बाईंनी परीक्षेनंतरचे दोन महिने पत्रं लिहिण्यात घालवले. सतरा बॅचांतल्या ज्यांचा पत्ता मिळाला त्या सगळ्यांना. मजकूर एकच, मी त्याच्या प्रती काढायला बसत असे, म्हणून पाठ आहे. काकांच्या पाठीवर जे शिकलात ते काकांपुरतं खरं होतं, प्रत्येक माणूस पहिल्यापासून मोजा, आणि मोजताना त्याला श्वास घेऊ द्या. त्यानंतर वर्गात कुणी श्वास धरला नाही. निवृत्त झाल्यावर बाई खुर्चीत रेलून बसायला लागल्या. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याकडे जात असे. त्या म्हणत, "हात ठेव," आणि मी ठेवायची.

काकांचा मंगळवार गेला नाही. त्यांना भीती होती, पण बाईंनी क्रम बदलला. मुलींनी आधी एकमेकींच्या पाठींवर शिकायचं आणि वर्षाच्या शेवटी काकांकडे यायचं, काही न सांगता. ज्या मुली पुस्तकातलं घोकून येत त्या सात म्हणत. जिला थांबता येई ती आठ म्हणे, आणि मग काका उशीतून हसत. लाँड्रीत ते सगळ्यांना सांगत, "देवाने मला एक जास्तीचा दिलाय, वापरायला काढलेला नाही अजून." बहात्तराव्या वर्षी गेले. त्यांच्या मुलीने तो सदरा, चौकोनी घडी घातलेला, वर्गाला आणून दिला. तो कपाटात मेणकागदाशेजारी ठेवला होता. पुढे वर्ग नव्या इमारतीत गेला, तेव्हा दोन्हींचं काय झालं मला माहीत नाही.

आणि मी. मी एकेचाळीस वर्षं काम केलं. लग्न केलं, मुलगी झाली. आता माझीच कंबर धरते. दुपारी मी पालथी पडते आणि नात येऊन बसते. तिला मणके-बिणके काही शिकायचे नाहीत, ती पुस्तक वाचत एक हात ठेवून देते. पण माझा डोळा लागला की तो हात चालायला लागतो, वरून खाली, खालून वर, आणि मला अर्धवट झोपेत कळतं की धक्क्याशी पोचून ती माघारी वळली.